खाडीवाल्यांचं मंडळ कसं चालवावं

माझे वडील वाशिष्ठीच्या खाडीत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून समुद्राच्या तोंडाशी असलेल्या दाभोळपर्यंत चालणाऱ्या लाँचवर तांडेल, म्हणजे मुख्य नावाडी, होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बहिणी त्यांच्याबरोबर जायचो. करंबवण्याला जगबुडी येऊन वाशिष्ठीला मिळते, तिथे पाणी एकदम रुंद होतं. वडील तिथे वेग कमी करायचे आणि आम्हाला पुढे नाळीवर बसू द्यायचे. पुढे रस्ते झाले, पूल झाले, लाँच थांबली. चिपळूणच्या निम्म्या मुलांना आता ही नदी फक्त पुरामुळे माहीत आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि आणखी काही जणांनी मिळून खाडीप्रेमींचं मंडळ सुरू केलं. पहिली नऊ वर्षं मी सचिव होते, आता साधी सभासद आहे. बाणकोट, जयगड, राजपुरी अशा खाड्यांकाठची मंडळी अधूनमधून विचारतात, ‘आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक वर्ष नुसतं पाण्यावर जा

नोंदणी, लेटरहेड, बोधचिन्ह हे सगळं पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. आम्ही अकरा जण होतो. महिन्यातून एकदा भाड्याची होडी करून खाडीत जायचं आणि आल्यावर दोनशे पानी वहीत लिहायचं, एवढाच कार्यक्रम होता. तारीख, तिथी, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, कुठे होडी तळाला घासली, कोण कोण भेटलं. वर्षाअखेर अकरातले चार गळले आणि नवे नऊ आले. जे राहिले ते पावसाळ्यानंतर स्वतः फोन करून ‘पुढची फेरी कधी?’ विचारणारे होते. कार्यकारिणी अशा माणसांतून निवडावी. भाषण चांगलं करणारा अध्यक्ष कुठेही मिळतो. पहाटे साडेपाचला धक्क्यावर हजर राहणारा खजिनदार मात्र शोधावा लागतो.

पंचांग घेऊन बसा

मंडळाचं सगळं वर्ष ज्यावर उभं राहतं ते हे भरती-ओहोटीचं गणित आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

पहिल्याच वर्षी आम्ही एक मोठी चूक केली. सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवार धरला आणि पंचांग पाहिलंच नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळी आठला निघालो तेव्हा पाणी चढत होतं, त्यामुळे जाताना होडी भरतीच्या विरुद्ध रेटावी लागली. दुपारी परत फिरलो तर ओहोटी जोरात लागलेली, म्हणजे येतानाही पाणी विरुद्धच. गोवळकोट नजरेच्या टप्प्यात आलं आणि होडी गाळात बसली. उधाणाची ओहोटी ती, पाणी पार तळाला गेलं होतं. उतरून ढकलायला जावं तर गुडघ्याच्या वर चिखल, आणि वाशिष्ठीत मगरी आहेत. होडीत सहा मुलं होती. अंधार पडून पाणी परत चढेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो आणि मुलांच्या आया धक्क्यावर उभ्या होत्या. त्यांचे चेहरे मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, ‘तिथी बघितली नाहीस?’

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे गणित तोंडपाठ असतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत मोजणी एकपासूनच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच, पण पाऊणपटीने तारीख ठरवता येते आणि कोष्टकातली चूकही ध्यानात येते.

त्यातली मेख अशी, की ही वेळ समुद्राच्या तोंडाची. दाभोळला भरती झाली म्हणजे गोवळकोटला झाली असं नाही, आतपर्यंत पाणी यायला वेळ लागतो. आमच्या वहीप्रमाणे हा फरक तासाच्या वर जातो. शिवाय वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी मिळतं. बाकीच्या नद्या मे महिन्यात सुकतात, ही वाहती राहते, आणि वरून पाणी जास्त आलं की भरतीचा जोर कुठे थांबणार हेही बदलतं. तुमच्या खाडीचा फरक तुम्हालाच काढावा लागेल. धक्क्याच्या खांबावर रंगाने खुणा करा आणि एक पंधरवडा आळीपाळीने दोघांनी बसून दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी लिहा. नव्या मंडळाचा पहिला उपक्रम म्हणून मी हाच सुचवते. याला पैसे लागत नाहीत, आणि कोण टिकणार तेही त्या पंधरवड्यातच समजतं.

त्यानंतर आम्ही वर्षाची आखणी अशी बसवली. फेऱ्या षष्ठी ते नवमीच्या मधल्या. या दिवसांत भांग असतो, पाण्याची चढउतार कमी आणि ओढ सौम्य. सप्तमीला तोंडाशी सव्वापाचला भरती, म्हणजे आमच्या धक्क्यावर साडेसहाच्या पुढे. तेव्हा निघायचं, उतरत्या पाण्याबरोबर करंबवण्याच्या दिशेने जायचं, दुपारी खोल जागी नांगर टाकून जेवायचं, आणि पाणी फिरलं की त्याच्याच पाठीवर बसून परत यायचं. इंजिन जवळजवळ लागत नाही, डिझेल वाचतं, बोलताना ओरडावं लागत नाही. साफसफाई मात्र पौर्णिमा-अमावास्येला. त्या दिवशी सकाळी लवकर खोल ओहोटी मिळते आणि एरवी पाण्याखाली असलेला कचरा उघडा पडतो. षष्ठी ते नवमी असे चार दिवस हाताशी ठेवले तर महिन्यातून एखादा रविवार बहुतेक सापडतो. नाही सापडला, तर त्या महिन्यात फेरी नाही. ‘तिथी नाही, पण पाहुणे आलेत’ असा आग्रह दरवर्षी होतो. नाही म्हणायला शिका.

होडी विकत घेऊ नका

देणगी मिळाली की पहिला विचार स्वतःच्या होडीचा येतो. आम्हालाही आला होता. होडी म्हणजे नोंदणी, तपासणी, विमा, दरवर्षी बाहेर काढून डागडुजी, आणि रात्री राखण. देशातल्या आतल्या जलमार्गांवरच्या यांत्रिक जलयानांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. त्यात नोंदणीपासून विम्यापर्यंत बऱ्याच जबाबदाऱ्या मालकावर येतात. हौशी मंडळाने हे ओझं घेऊ नये. ज्यांच्याकडे परवाना आहे, ज्यांचं पोट त्यावर आहे, त्यांची होडी भाड्याने घ्या. पैसे त्याच दिवशी, धक्क्यावर, हातात. पावती मागून सही घ्या, पण पैशासाठी त्याला दोनदा फेऱ्या मारायला लावू नका.

होडीत किती माणसं बसतील हे होडीवाला सांगेल तेवढीच. एकही जास्त नाही, मांडीवरचं मूलसुद्धा मोजायचं. प्रत्येकाच्या अंगात बंद बांधलेलं जॅकेट हवं. लहान मुलांना त्यांच्या मापाचं. निघण्यापूर्वी नावांची यादी दोन प्रतींत करा, एक धक्क्यावरच्या माणसाकडे द्या. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. लाट आली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असं सांगतात. वडील लाँचवर चढणाऱ्या प्रत्येकाला ‘बसून राहा’ म्हणायचे, त्यामागे रामदास होती. फेरी सुरू होण्याआधी मी दरवेळी ही हकीकत दोन मिनिटांत सांगत असे. हल्ली एक कॉलेजचा मुलगा सांगतो, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगतो.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही पाण्यात जात नाही. पोहणं वर्षभर बंद. हिवाळ्यात ओहोटीला मगरी गाळावर ऊन खात पडलेल्या दिसतात. होडी लांबूनच न्या, त्यांच्या दिशेने काही फेकू नका.

ज्यांचं पोट खाडीवर आहे त्यांना आधी विचारा

खाडी आपली हौस आहे. भोई, खारवी, दालदी या मच्छीमारांचं ते घर चालवण्याचं साधन आहे. आम्ही पहिल्या वर्षी कौतुकाने खाडीचे फोटो काढत फिरलो आणि एका भोयाच्या जाळ्यावरून आमच्या होडीचा पंखा गेला. त्याने आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो जाळं उचलून गप्प बघत राहिला. आम्ही नवीन जाळ्याचे पैसे दिले, आणि पुढच्या बैठकीत ठराव केला: कुठलीही फेरी, कुठलीही साफसफाई ठरवण्याआधी त्या टप्प्यातल्या मच्छीमारांना जाऊन सांगायचं. फोनवर नाही, घरी जाऊन. कार्यकारिणीत दोन जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. त्यांची वर्गणी नाही आणि मत मात्र पूर्ण.

हे मी एका दूरच्या उदाहरणामुळेही मनावर घेतलं. माझा भाचा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असतो. तिथे दोनशे वर्षांपूर्वीचे कालवे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक जाऊन त्यातला गाळ काढतात, कालव्याची दारं चालवतात. या सगळ्यामागे १९४६ साली स्थापन झालेली अंतर्गत जलमार्गांची एक संघटना आहे. संस्थापकांतले दोघे म्हणजे रॉबर्ट ऐकमन आणि टॉम रोल्ट. पाच वर्षांत दोघांचं बिनसलं. सगळेच्या सगळे कालवे वाचवायचे, यात तडजोड नाही, असं ऐकमन म्हणत. रोल्टना कालव्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणाऱ्या नावाड्यांची जास्त काळजी होती. १९५१ मध्ये रोल्टना संघटनेबाहेर जावं लागलं. संघटना टिकली, कालवेही पुष्कळ वाचले, पण माल वाहणारी ती कुटुंबं पाण्यावरून गेली. भाच्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा आमच्याकडे तोच वाद चालू होता. नदी आधी की नदीवरची माणसं? आम्ही घटनेत उद्देश लिहिताना ‘खाडी आणि खाडीवर उपजीविका असणारे’ असे शब्द एकत्र घातले. आजही कुठला प्रस्ताव आला की कोणीतरी ते वाक्य काढून दाखवतं. उद्देशाचं एक वाक्य लिहायला आम्हाला तीन बैठका लागल्या, तुम्हीही घाई करू नका.

कागद

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालची नोंदणी होते आणि दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच असतात. घटना आणि नियमावली दुसऱ्या मंडळाची उतरवून घेऊ नका. आमच्याकडे कोणीतरी भजनी मंडळाची आणून दिली होती, त्यात वीणा-मृदंगांच्या देखभालीचं कलम होतं.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. बँकेत आयुष्य काढूनही पहिल्या निवडणुकीनंतर मी हे लांबणीवर टाकलं. चार वर्षांनी खात्यावर सही करणारे बदलायचे होते तेव्हा बँकेने धर्मादाय कार्यालयातली नोंद मागितली. ती जुनीच होती, आणि जुन्यातला एक सभासद तोवर वारला होता. खातं पाच महिने अडकलं. त्या काळात होडीवाल्यांचे पैसे आम्ही तिघींनी घरून दिले. निवडणूक झाली त्याच आठवड्यात अर्जाचे कागद करायला घ्या. ३१ मार्चला हिशोब बंद करून लेखापरीक्षण वेळेत करा. खजिनदार आणि अध्यक्ष एका घरातले नसावेत.

पैशाचं म्हणाल तर आमची वर्गणी वर्षाला २०० रुपये आहे आणि फेरीचा खर्च येणाऱ्यांत वाटून घेतो. मोठी देणगी शोधण्यात आम्ही फार वेळ घालवला नाही, त्याचा पश्चात्तापही नाही.

हाताला काम द्या

नुसत्या सहलींवर मंडळ दोन वर्षं चालतं. नंतर माणसाला काहीतरी आपलं काम लागतं.

आमच्याकडे सगळ्यात टिकलेलं काम खोली मोजण्याचं. वीस फुटी बांबू, दर अर्ध्या फुटाला लाल-पांढरे पट्टे. त्यापेक्षा खोल असेल तिथे दोरीला शिसं बांधायचं. ठरलेल्या बावीस ठिकाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. आकड्याबरोबर वेळ आणि तिथी लिहिलीच पाहिजे, नाहीतर भरतीचा आकडा आणि ओहोटीचा आकडा शेजारी बसतात आणि सगळी मेहनत वाया जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात गाळाची चर्चा घराघरात सुरू झाली. तेव्हा ‘आधी इथे पाणी किती होतं’ या प्रश्नाला आमच्या वहीत बावीस ठिकाणचं उत्तर होतं. सरकारी मोजणी यंत्राने होते, ती जास्त अचूक असते. पण आमचे आकडे सातत्याचे होते, एकाच बांबूने, एकाच जागी घेतलेले, आणि बैठकीत ते मागून घेतले गेले.

दुसरं काम कांदळवनाचं, म्हणजे खारफुटीच्या झाडीचं. इथे शिस्त हवी. तिवर, चिपी, कांदळ यांच्या मुळांत अडकलेली जाळी आणि पिशव्या कात्रीने कापून काढायच्या, ओढायच्या नाहीत. ओढलं की तिवराची वर आलेली श्वासमुळं तुटतात. झाड तोडणं तर सोडाच, फांदीही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडायला राज्यभर मनाई केली आहे आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायचा आहे. वन विभागाला आधी पत्र द्या, त्यांचा माणूस बरोबर आला तर उत्तमच. रबरी बूट गाळात अडकून बसतात. जुने कॅनव्हासचे बूट घट्ट बांधून घाला, हातमोजे जाड घ्या, कारण फुटक्या बाटल्या दिसत नाहीत. दोन तासांच्या वर काम करायचं नाही, पाणी परत येतं. गोळा केलेला कचरा कुठे जाणार हे ग्रामपंचायतीशी आधी बोलून ठेवा. एकदा आम्ही चाळीस पोती धक्क्यावर रचली आणि गाडी आलीच नाही. पुढच्या उधाणात त्यातली निम्मी परत पाण्यात गेली. मी धक्क्यावर उभी राहून रडले होते.

तिसरं काम मला सगळ्यांत प्रिय आहे. खाडीच्या प्रत्येक वळणाला, खडकाला, खोल जागेला नाव आहे, आणि ती नावं ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या तोंडात आहेत. मोबाईलवर आवाज मुद्रित करा, पण घरी बसून विचारू नका. त्यांना होडीत घ्या. माझ्या वडिलांना खाटेवर बसवून विचारलं तेव्हा सात नावं आठवली. होडीत बसवून नेलं, तर एका फेरीत एकतीस सांगितली. कुठल्या खडकाजवळ सुकाणू किती वळवायचं तेही हाताने करून दाखवलं. ती त्यांची शेवटची फेरी ठरली.

पत्र कोणाला लिहायचं

धक्का मोडला तर महाराष्ट्र सागरी मंडळ, कांदळवन तोडलं तर वन विभाग, सक्शन पंपाने वाळू काढत असतील तर तहसीलदार, पाण्याला वास आला आणि मासे मेले तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. एकाच पत्रात चारही तक्रारी घातल्या तर चौघेही ते दुसऱ्याकडे पाठवतात. एका पत्रात एकच गोष्ट, तारीख, वेळ, जागा, फोटो, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक. मेलेल्या माशांचं पत्र त्याच दिवशी गेलं पाहिजे. पाण्याचा नमुना दोन दिवसांनी घेतला तर त्यात काही सापडत नाही, खाडी दिवसातून दोनदा धुऊन निघते. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि हे सगळ्यांना सांगा: दाभोळ ते पेढे गावचा पूल हा वाशिष्ठीचा ४५ किलोमीटरचा टप्पा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे. देशभरात असे १११ आहेत. बाणकोट, जयगड, राजपुरी या खाड्याही त्या यादीत आहेत. कागदावर नाव आहे म्हणून उद्या लाँच सुरू होईल असं नाही. पण ‘ही नुसती खाडी आहे’ असं कोणी म्हणालं तर यादीतला क्रमांक दाखवता येतो.

पेटी पुढे द्या

पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कोणी राहू नये, असं आम्ही उशिरा ठरवलं. मी तीन मुदती राहिले, तिसरी जास्तच झाली. नव्या सचिवाला काही माहीत नव्हतं, कारण सगळं माझ्या डोक्यात होतं. मग आम्ही पत्र्याची पेटी केली. तिच्यात नोंदणीची प्रमाणपत्रं, घटना, बदल अर्जांच्या पोचपावत्या, इतिवृत्ताच्या वह्या, होडीवाल्यांची नावं आणि दर, बावीस ठिकाणांचा नकाशा, नावांच्या मुद्रणांची दोन ठिकाणी ठेवलेली प्रत, आणि पहिल्या वर्षाची ती दोनशे पानी वही. पेटी बदलताना जुना सचिव आणि नवा सचिव एकत्र बसून एकेक कागद वाचतात, त्याला एक अख्खा दिवस लागतो. बांबू पेटीत मावत नाही. तो धक्क्याजवळच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला आडवा बांधलेला आहे. पट्टे दरवर्षी दसऱ्याला रंगवतात.